सोप्यातला सोफा

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आपल्याकडे घरांना रंग लागतो, माळे झाडले जातात, आणि ज्या घरात यंदा उसाचे बिल बरे आले असेल त्या घरात एक प्रश्न हळूच पुढे येतो : सोफा घ्यायचा का? आणि घ्यायचाच तर चांगला, म्हणजे महागाचा घ्यायचा का? प्रश्न साधा दिसतो. परंतु बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या नव्या बंगल्यांतून हिंडताना माझे असे मत होत चालले आहे की, या एका प्रश्नात घरातल्या पैशाचा, मानाचा आणि माणसांचा सगळा हिशेब गुंतलेला आहे, आणि तो हिशेब आपण चुकीचा मांडतो आहोत. ज्यांच्या घरी कालच नवा सोफा आला असेल त्यांनी माझ्यावर रागावू नये. फराळाला मी त्यांच्याकडेही येणार आहे.

ज्यांना हा मुलूख ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेचा डावा कालवा इकडे आला आणि जिराईत रानांचे बागाईत झाले. पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर असे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले. इंदापूर तालुक्याच्या उत्तर अंगाची गावे भीमेच्या फुगवट्याखाली गेली, आणि काठावर उरलेल्यांच्या शेतात तेच पाणी मोटारींनी चढले. बारामतीच्या सुपे-मोरगावकडच्या अंगाला मात्र अजून आभाळाकडे बघावे लागते. पैसा पाण्याच्या मागून आला आणि सोफा पैशाच्या मागून आला. माळवदाच्या घराचा सोपा गेला, स्लॅबच्या बंगल्याचा हॉल आला, आणि त्या हॉलमध्ये ठेवायचे काय, हा प्रश्न उभा राहिला.

या वादात दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष भारतीय बैठकीचा. या पक्षातली मंडळी बहुधा पेन्शनर असतात आणि स्वतः खुर्चीवर बसून बोलतात. ती म्हणतात, 'सोफा ही साहेबाची नक्कल. आपल्याला जाजम, लोड, तक्के पुरे होते. आमच्या बारामतीत मोरोपंतांनी एकशे आठ रामायणे रचली, ती काय सोफ्यावर बसून?'

मोरोपंतांच्या वेळी बारामतीत सोफा नव्हता, हे मला मान्य आहे. परंतु नुसत्या योगायोगाची एक गोष्ट सांगतो. पंत (१७२९-१७९४) आपल्या नाईकांच्या आश्रयाला बारामतीत असतानाच, १७८५ साली, तिकडे इंग्लंडात विल्यम कूपर नावाच्या कवीचे एक लांबलचक काव्य प्रसिद्ध झाले. एका बाईंनी त्याला गमतीने विषय दिला होता तो सोफ्याचा. त्याने तीनपायी घडवंचीपासून सोफ्यापर्यंत बैठकीचा सगळा इतिहास गाइला, सोफा हा संधिवाताने ज्यांचे पाय धरले आहेत त्यांना ठीक, असे सांगितले, आणि स्वतः सोफा सोडून जो रानात फिरायला निघाला तो पुढे बराच वेळ सोफ्याकडे परतला नाही. तेव्हा सोफ्याची थट्टा करण्यातही साहेबच आपल्या पुढे होता. शिवाय सोफा मुळात साहेबाचा नाहीच. तो शब्द अरबी 'सुफ्फा'पासून निघाला, आणि सुफ्फा म्हणजे गालिचा अंथरलेला, बसण्यासाठी उंच केलेला ओटा. आपल्या खेड्यातल्या सोप्याशी त्याचे नाते असो वा नसो, वस्तू एकाच कुळीची आहे.

बैठकवाल्यांचा दुसरा मुद्दा असा की, जाजमावर सगळे सारखे बसत. हे मात्र मी ऐकून घेणार नाही. सोप्यात कोण बसे? घरचा कर्ता, पाहुणे, पाटील, तलाठी. गावकुसाबाहेरचा माणूस अंगणात उभा राही. घरची सून दाराआडून बोले. ज्या बायांनी ते जाजम झटकले आणि तक्क्यांना अभ्रे शिवले, त्या बाया भरल्या सोप्यात त्या तक्क्याला टेकून कधी बसल्या नाहीत. सोपा हे नाव फार गोड आहे, पण तेथे बसणे सर्वांना सोपे नव्हते. शिवाय ज्याचे गुडघे गेले आहेत त्याला जमिनीवर बसवणे म्हणजे त्याला उठण्याची शिक्षा देणे होय. तेव्हा सोफा मुळी नकोच, असे म्हणणाऱ्यांत मी नाही. उंच बैठक घरात हवी.

आता दुसरा पक्ष. हा महागाचा पक्ष. आमची अक्का इंदापूर तालुक्यात दिली आहे. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, या पक्षाचे पुढारी शोभतील असे आहेत. ते म्हणतात, 'सोफा काय रोज घ्यायचाय का? घ्यायचा तर असा घ्यायचा, की आला-गेला बघत राहिला पाहिजे!' हिंदीत एक म्हण आहे तिचाही आधार ते घेतात : महाग घेणारा एकदाच रडतो, स्वस्त घेणारा वारंवार. म्हण खोटी नाही. परंतु तीत एक अट गृहीत धरली आहे, ती अशी की, महाग ते टिकाऊ. ही अट सोफ्याला कितपत लागू पडते ते पाहू.

सोफा म्हणजे काय? वरचे कापड, त्याखाली फोम, फोमखाली पट्ट्या किंवा स्प्रिंगा, आणि सगळ्यांच्या पोटात लाकडाचा सांगाडा. दुकानात आपण पाहतो ते कापड, आणि वर्षानुवर्षे भार घेतो तो सांगाडा. तो नीट वाळवलेल्या सागाचा असेल, सांधे खाच पाडून पक्के बसवलेले असतील, तर एक पिढी त्यावर बसेल. तोच जर दाबलेल्या भुशाच्या फळीचा असेल तर चार पावसाळ्यांत ओल धरून फुगतो, स्क्रूची पकड सुटते, आणि एखाद्या धिप्पाड पाहुण्याच्या हातून घरची अब्रू जाते. पुढे फोम. १९३७ साली जर्मनीत ओटो बायर या रसायनशास्त्रज्ञाने पॉलियुरेथेनची कृती शोधली. आजचा सोफ्याचा फोम हा त्याच वंशातला. फोमची प्रत ओळखण्याचे एक साधन त्याचे वजन होय. एक घनमीटर फोम बत्तीस किलो भरतो की चाळीस, यावर तो किती वर्षांनी बसका होणार हे बरेचसे ठरते. आता आमच्या लोकांची गंमत पाहा. उसाची ट्रॉली काट्यावर चढली की शंभर किलोंच्या फरकासाठी जे रात्र जागवतात, तेच लोक लाखाचा सोफा घेताना आतल्या फोमचे वजन विचारीत नाहीत!

राहिले वरचे आवरण. नकली चामडे चकचकीत दिसते, पण उष्णता, घाम आणि दमट हवा यांनी त्याचा वरचा थर काही वर्षांत पापुद्र्यांनी सुटू लागतो. खरे चामडे टिकते. मात्र त्याला निगा लागते, आणि आमच्याकडच्या वैशाखात दुपारी त्यावर उघड्या दंडाने बसून पाहावे, म्हणजे उठताना ते आपल्याला सोडीत नाही याचा प्रत्यय येतो. विजेवर पाय वर करणारे सोफेही निघाले आहेत. ज्या तालुक्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, तेथे बॅटरी नसलेल्या अशा सोफ्यावर बसणाऱ्याचे धैर्य वाखाणण्याजोगे म्हटले पाहिजे.

तात्पर्य, सोफ्याच्या किमतीत दोन प्रकारचा पैसा असतो. एक पैसा लाकडाचा, फोमचा आणि कारागिराच्या हाताचा. दुसरा काचेच्या दुकानाचा, थंड हवेचा, जाहिरातीचा आणि नावाचा. पहिला पैसा मी आनंदाने देईन. दुसरा किती आहे, हे मात्र मला कोणी सांगत नाही. मी एका दुकानात विचारले, 'हा सोफा उलटा करून खालचे कापड थोडे सोडून दाखवता का?' विक्रेता माझ्याकडे असा पाहू लागला, की जणू मी देव्हाऱ्यातला देव उलटा करायला सांगितला होता. बैल घेताना दात पाहू देत नाही असा व्यापारी बाजारात उभा राहू शकत नाही. सोफ्याच्या व्यापाऱ्याला ही सवलत आपण का द्यावी?

आता पैशाकडे वळू. दीड लाखाचा सोफा ही आजकाल मोठी गोष्ट राहिलेली नाही असे मला सांगण्यात येते. ठीक. आपण तो उसात मोजू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने उसाला सव्वादहा टक्के उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये असा भाव ठरवला. या भावाने दीड लाख रुपये म्हणजे सव्वाबेचाळीस टन ऊस. यातून तोडणी-वाहतूक कापली जाते, ती सोडून देऊ. लागण, खत, पाणी, मजुरी हेही सोडून देऊ. तरी आडसाली ऊस रानात सोळा-अठरा महिने उभा असतो, आणि एकरी चाळीस टन पडला तर सामान्य शेतकरी देवाला नारळ फोडतो. म्हणजे एका एकराचे दीड वर्ष सगळेच्या सगळे हॉलमध्ये आणून ठेवले, की एक सोफा होतो. ज्याची वीस एकर बागाईत आहे त्याने खुशाल ठेवावे. ज्याची तीन एकर आहे त्याने ठेवण्यापूर्वी एकदा बांधावर जाऊन उभे राहावे.

'पण रोख कोण देतो? हप्ते आहेत, आणि व्याज शून्य टक्के!' हे उत्तर तयार असते. शून्य टक्के व्याजाला भुलणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की, २०१३ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना असल्या योजनांबद्दल कान उघडणी करून बजावले होते की, शून्य टक्के व्याज अशी चीज अस्तित्वातच नाही. ते व्याज कोठे तरी किमतीत, कोठे तरी फीमध्ये बसलेले असते. रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हांला मिळत नाही, तेच तुमचे व्याज. आणि हप्ता भरायचा कशातून? उसाचे बिल येते ते कारखान्याच्या सवडीने. हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला दारात उभा. मग घरात नियमाने येणारा पैसा कोणता? तर दुधाचा. आमच्याकडे दर दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो. पहाटे उठून शेण काढणे, वैरण टाकणे आणि धारा काढणे ही कामे बहुतेक घरांत बायांची. त्या पगारावर किराणा, मुलांची फी, सासूबाईंचे औषध चालते.

हिशेब करा. दीड लाखाचे चोवीस हप्ते केले तर महिन्याला सव्वासहा हजार. दूध लिटरला तीस रुपयांनी गेले असे धरले, तर महिन्याला दोनशे लिटरांहून जास्त दूध सोफा पितो. रोज बारा लिटर देणारी गाय घेतली, तरी दावणीची निम्म्याहून अधिक गाय दोन वर्षे सोफ्याच्या नावाने बांधलेली राहते, आणि तिची वैरण आपल्या पदरची!

इतके करून त्या सोफ्यावर बसते कोण? माझा खरा वाद येथे आहे. अक्काच्या घरी मी गेलो की सोफ्यावरचे आवरण माझ्यासाठी काढले जाते. दाजी माझ्या शेजारी बसतात. मुलांना 'पाय खाली!' म्हणून दटावले जाते. अक्का चहाचा ट्रे धरून उभी असते. तिच्या सासूबाई, ज्यांना ती आत्याबाई म्हणते, सोफ्याला पाठ लावून खाली फरशीवर बसलेल्या असतात. एकदा मी म्हटले, 'आत्याबाई, वर बसा की.' त्या म्हणाल्या, 'नगं बाबा. आत बुडाल्यावानी हुतं. आन् बसलं की उठवाया दोघं लागत्यात.'

आत्याबाईंनी एका वाक्यात जे सांगितले ते सांगायला दुकानातले माहितीपत्रक दहा पाने घेते आणि तरी सांगत नाही. बैठक फार खाली आणि फार खोल असली की उठताना सगळा भार गुडघ्यांवर पडतो. ज्या सोफ्यावर घरातले सर्वांत म्हातारे माणूस स्वतःच्या बळावर उठू शकत नाही, तो त्या घरासाठी बनवलेलाच नाही. तो पाहुण्यांसाठी, आणि तेही तरुण पाहुण्यांसाठी बनवला आहे. दाजींच्या हॉलमध्ये एक एकर ऊस ठेवला आहे, आणि घरात सर्वांत जास्त कष्टलेल्या दोन बाया त्यावर बसत नाहीत. जुन्या सोप्यात जे चालले होते तेच नव्या हॉलमध्ये फोम घालून चालू आहे, असे मी म्हटले तर कोणाला झोंबू नये.

यावर महागाच्या पक्षाचे एक उत्तर आहे, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. बाप म्हणतो, 'मला हौस नाही हो. पोराचे लग्न व्हायचे आहे. पाहुणे स्थळ बघायला येतात तेव्हा आधी घर बघतात, आणि घरात आधी हॉल बघतात.' शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी मिळणे कठीण झाले आहे, हे मी नाकारीत नाही. आमच्या शेजारच्या सोलापुरात डिसेंबर २०२२ मध्ये लग्न न जमणाऱ्या तरुणांनी मुंडावळ्या बांधून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा काढला. लोक हसले, पण त्या मुलांच्या बापांना हसू आले नसेल. अशा बापाने सोफा घेतला तर त्याला मी उधळ्या म्हणणार नाही. मी त्याला एवढेच विचारीन की, शिकलेली मुलगी तुमच्या घरी यायला का कचरते? हॉलमध्ये सोफा नाही म्हणून, की पहाटेपासूनच्या कामात त्या सोफ्यावर आपल्याला घटकाभर बसता येणार नाही हे तिने आपल्या आईकडे पाहून ओळखले आहे म्हणून? तिला सोफा दाखवण्याऐवजी तुमच्या घरची सून त्यावर बसलेली दाखवा. स्थळाला त्याचा काही उपयोग झाला तर होईल.

आणि दुसऱ्या बाजूचा बाप? मुलीच्या लग्नात मांडवाच्या कडेला कपाट, पलंग, भांडी आणि त्यांच्या मधोमध प्लॅस्टिकात गुंडाळलेला सोफासेट मांडलेला मी किती तरी वेळा पाहिला आहे. हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला. त्याला साठ वर्षे उलटून गेली. रोख पैसे मागणे लाजिरवाणे झाले, म्हणून मागणी लाकडाचे आणि फोमचे रूप घेऊन येते, आणि तिला 'संसारोपयोगी वस्तू' असे नाव मिळते. त्या सोफ्यासाठी मुलीच्या बापाने सोसायटीचे कर्ज काढले असते. सासरी तो सोफा हॉलमध्ये जातो आणि मुलगी स्वयंपाकघरात जाते. असा सोफा लोकांना फुकट आला असे वाटते. माझ्या मते दोन तालुक्यांत त्याच्याइतका महाग दुसरा नाही.

मग महागाचा सोफा घेऊ नये काय? घ्यावा, परंतु तीन कसोट्या लावून. पहिली कसोटी, तो उलटा करून पाहू द्यावा; सांगाडा कशाचा, सांधे कसे, फोम किती वजनाचा, हे बिलावर लिहून द्यावे. दुसरी, दहा वर्षांनी गाद्या बसक्या झाल्या तर आपल्याच गावचा कुशनवाला त्या बदलू शकेल काय? ज्या सोफ्याचा सांगाडा राहतो आणि गाद्या बदलतात, त्याला पैसे जास्त पडले तरी तो स्वस्त. आपल्याकडे चांगले सुतार आहेत. वाळलेले लाकूड आपण समोर उभे राहून निवडावे आणि हवी ती उंची त्यांना सांगावी. त्यांचेही लाकूड ओले निघू शकते, तेव्हा डोळे तेथेही उघडे ठेवावेत. पण त्यांच्या दाराशी उद्या पुन्हा जाता येते, ही गोष्ट लहान नाही. तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची. दुकानात कर्त्याने एकट्याने जाऊ नये. घरातल्या म्हातारीला न्यावे, तिला बसवावे, आणि कोणी हात न देता तिला उठता येते का ते पाहावे. घरधनिणीला न्यावे, आणि तिला मांडी घालून बसू द्यावे. कारण काहीही म्हटले तरी आपण सोफ्यावर पाय वर घेऊनच बसतो, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. हप्ता जिच्या दुधाच्या पगारातून जाणार, तिने हो म्हटले तर सौदा करावा. तिने मान हलवली तर घरी यावे.

आणि सोफा घरी आला की त्यावर आवरण घालू नये. जी वस्तू झाकून ठेवावी लागते ती आपल्या ऐपतीची नसते. कापडावर चहा सांडेल ही भीती ज्याला वाटते, त्याने धुता येईल असे कापड घ्यावे. या पाडव्याला ओवाळणी झाली की पुरुषांनी चहा करावा, आणि घरातल्या सगळ्या बायांनी सोफ्यावर बसून तो घ्यावा. आमच्या दाजींना मी हे अगोदरच कळवले आहे. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही; परंतु आत्याबाईंनी विचारले आहे की, त्यांच्यासाठी थोडी उंच, हात टेकायला लाकूड असलेली एक खुर्ची गावच्या सुताराकडून करून घेता येईल काय. ती मी सांगितली आहे. तिची किंमत सोफ्याच्या एका हप्त्यापेक्षा कमी आहे.